बर्फात गाडी चालेल, पण थांबेल का? मनालीला निघण्याआधीचं साधं गणित

डिसेंबर लागला की आमच्या अंबाजोगाईच्या शाळेतल्या मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीच ती रील फिरायला लागते. पांढरा रस्ता, मागे गाणं आणि बोनेटवर बसलेला कुणीतरी. यंदा गोष्ट रीलवर थांबली नाही. "गाडी काढू, दोन हजार किलोमीटर तर आहे," एकाने लिहिलं आणि पाच जणांनी अंगठे दाखवले. गाडी एका मित्राच्या वडिलांची. डिझेल सेडान, पुढची चाकं ओढणारी, आजवर मांजरसुंब्याच्या घाटापलीकडचा घाट न पाहिलेली.

दुसऱ्या दिवशी त्या मित्राच्या आईचा मला फोन. "तू इंजिनिअर हायेस ना, मग सांग, आपली गाडी बर्फात चालंल का?" मी सॉफ्टवेअरवाला, गाडीचं बोनेटही क्वचित उघडतो. पण काकूंना "माहीत नाही" म्हणायची सोय नव्हती. म्हणून दोन रात्री बसून वाचलं, आकडेमोड केली. उत्तर निघालं ते असं: गाडी बहुतेक वेळा चालते. प्रश्न ती थांबण्याचा आहे.

गेल्या काही हिवाळ्यांत काय झालं?

३ ऑक्टोबर २०२० रोजी अटल बोगद्याचं उद्घाटन झालं. ९.०२ किलोमीटर लांब, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,१०० मीटर उंचीवर. त्याआधी मनालीहून लाहौलला जायचं तर जवळपास ४,००० मीटर उंचीचा रोहतांग पास ओलांडावा लागायचा आणि हिवाळ्यात तो बंद असायचा. आता साधी हॅचबॅकसुद्धा भर डिसेंबरात सिस्सूपर्यंत जाते.

२३ डिसेंबर २०२४ रोजी सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यात बर्फवृष्टी झाली आणि सुमारे हजार गाड्या अडकल्या. चारच दिवसांनी, २७ डिसेंबरला, सोलंग नाल्याजवळ सुमारे पाच हजार पर्यटकांना पोलिसांनी बाहेर काढलं. त्याच्या आदल्या वर्षी, नाताळच्या गर्दीत, ट्रॅफिक टाळायला एकाने एसयूव्ही थेट चंद्रा नदीत घातली. व्हिडिओ व्हायरल झाला आणि चलानही फाटलं.

माझ्या मते याचं मूळ एकच आहे. बोगद्याने रस्ता सोपा केला, बर्फ सोपा केला नाही. पूर्वी पास बंद असायचा, म्हणजे "जाऊ नका" हे डोंगरच सांगायचा. आता तो निर्णय आपल्याला घ्यावा लागतो आणि आपण तो रील बघून घेतो.

यात वेळेचा घोळही आहे. दुपारच्या उन्हात रस्त्यावरचा बर्फ थोडा वितळतो. सूर्य मावळला की तेच पाणी गोठून काचेसारखा पातळ थर होतो. डांबर त्यातून आरपार दिसतं, म्हणून रस्ता नुसता ओला वाटतो. नेमक्या त्याच वेळी सगळे पर्यटक परत निघालेले असतात आणि बोगद्याबाहेरून मनालीकडे रस्ता उताराचा आहे.

आता गणित बघू

अकरावीच्या फिजिक्समधलं घर्षण आठवतंय? गाडी थांबवतो तो ब्रेक नाही, टायर आणि रस्ता यांच्यातली पकड थांबवते. ब्रेक फक्त चाक थांबवतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाताना ब्रेक दाबल्यापासून सपाट रस्त्यावर लागणारं अंतर साधारण असं:

- कोरडं डांबर (घर्षणांक ०.७): ९ मीटर
- दबून घट्ट झालेला बर्फ (०.२): ३२ मीटर
- काचेसारखा बर्फ (०.१): ६३ मीटर

यात तुमचा पाय ब्रेकवर जायला लागणारा एक सेकंद, म्हणजे आणखी ११ मीटर, धरलेलाच नाही.

खरी भीती पुढे आहे. दर दहा मीटरला एक मीटर असा उतार घ्या, घाटात तो नवलाचा नाही. तिथे गाडीला खाली ओढणारं बळ आणि काचेसारख्या बर्फावरची पकड जवळपास सारखी होतात. म्हणजे ब्रेक पूर्ण दाबलाय, चारही चाकं थांबलीत, तरी गाडी घसरतच राहते. त्या व्हायरल व्हिडिओंमधले ड्रायव्हर ब्रेक दाबायला विसरलेले नसतात. ब्रेकला धरायला रस्ताच नसतो.

"पण आपल्याकडे एबीएस आहे ना?"

आहे. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, त्यामुळे ब्रेक दाबलेला असतानाही स्टिअरिंग ऐकतं. पण नसलेली पकड ते तयार करत नाही. भुसभुशीत बर्फात तर थांबायचं अंतर थोडं वाढूही शकतं.

फोर बाय फोरचंही तसंच. चारही चाकांना ताकद मिळाली तर गाडी निघते छान, चढते छान. थांबताना मात्र सगळ्याच गाड्यांना चार चाकं आणि चार ब्रेक असतात.

हे आपल्याला खरं तर कळायला हवं. पावसाळ्यात काळ्या रानात गाडी रुतली की जाणता माणूस पहिलं काय ओरडतो? "रेस करू नको!" चाक गरगर फिरलं की खड्डा खोल होतो, टायरच्या नक्षीत चिखल भरतो आणि पकड संपते. बर्फातही तोच नियम. फरक इतकाच की आपल्या रानात गाडी रुतते, तिथे ती दरीकडे जाते.

मॅप रस्ता दाखवतो, बर्फ नाही

जानेवारी २०२१ मध्ये आपल्याच अकोले तालुक्यात कोतुळजवळ रात्री मॅप बघत निघालेली एक गाडी पाण्याखाली गेलेल्या पुलावर गेली आणि बुडाली. चालकाचा जीव गेला, बाकी दोघे पोहून वाचले. नकाशात पूल होता. त्यावर पाणी आहे हे नकाशाला ठाऊक नव्हतं.

मॅप पोहोचायची वेळ काढतो ती आधीच्या गाड्यांचा वेग आणि आत्ताचं ट्रॅफिक यावरून. तासाभरापूर्वी पडलेला बर्फ त्यात नसतो. पुढे गाड्याच नसतील तर रेषा मोकळी दिसेल, आणि गाड्या का नाहीत हे ती सांगणार नाही. म्हणून निघण्याआधी हवामान खात्याचं 'मौसम' ॲप, आपत्ती व्यवस्थापनाचं 'सचेत' ॲप आणि स्थानिक पोलिसांच्या सूचना बघा. ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर त्या दिवशी हॉटेलातच चहा प्या.

गाडीची तयारी: ही कामं गावातच उरका

१. कूलंट: आपल्याकडे रेडिएटरमध्ये सर्रास नळाचं पाणी ओततात. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि इंजिनचा ब्लॉकसुद्धा फोडू शकतं. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं असेल तर ते साधारण उणे ३५ अंशांपर्यंत गोठत नाही. काच धुण्याच्या टाकीतलं साधं पाणीही काढा.

२. डिझेल: थंडीत डिझेलमधलं मेण घट्ट होतं आणि फिल्टर तुंबतो. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांतही वाहणारं खास डिझेल आणलं ते याचसाठी. गावाकडची टाकी तशीच वर नेऊ नका, डोंगर चढण्याआधी तिथल्या पंपावर भरा.

३. बॅटरी: थंडीत तिची ताकद घटते आणि इंजिन फिरवायला जास्त ताकद लागते. तीन-चार वर्षं जुनी असेल तर तपासून घ्या.

४. टायर: नक्षी झिजलेली असेल तर बेत रद्द. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की हवा साधारण एक पीएसआय कमी होते, म्हणून मनालीत सकाळी गार टायरवर हवा पुन्हा तपासा.

५. चेन: गाडी ज्या चाकांनी ओढते त्यांनाच लावायची, म्हणजे आमच्या सेडानला पुढे. वेग ३०-४०च्या आत आणि मोकळं डांबर लागलं की काढायची. एकदा घरासमोर लावून बघा. गारठलेल्या बोटांनी पहिल्यांदा शिकता येत नाही.

चालवताना आणि अडकल्यावर

पुढच्या गाडीपासून नेहमीच्या कितीतरी पट अंतर ठेवा. उतारावर आधीच खालचा गिअर टाका. ब्रेक, रेस, स्टिअरिंग सगळं हळू. एका वेळी एकच. घसरलात तर रेस सोडा आणि जिकडे जायचंय तिकडे बघत स्टिअरिंग अलगद वळवा. रात्री उभी करताना हँडब्रेक गोठून अडकू शकतो. म्हणून सपाट जागा बघा, गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा.

अडकलात तर हे नक्की लक्षात ठेवा. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरीमध्ये बर्फात अडकलेल्या गाड्यांत वीसपेक्षा जास्त माणसं गेली. काही मृत्यूंमागे कार्बन मोनॉक्साइड असल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलं आणि हीटरसाठी इंजिन चालू राहिलं की हा वायू आत येऊ शकतो. त्याला वास नाही, रंग नाही. फक्त झोप येते. त्यामुळे आधी सायलेन्सर मोकळा करा, इंजिन तासाला दहा मिनिटंच चालवा, वाऱ्याच्या उलट बाजूची काच बोटभर उघडी ठेवा. गाडीत शेगडी कधीच नाही.

आणि तुमचा फोन

फोनची लिथियम बॅटरीही शून्याखाली लवकर मान टाकते. तो आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. मॅप ऑफलाइन डाउनलोड करा. रेंज नसेल तर फ्लाइट मोड लावा, नाहीतर टॉवर शोधण्यातच चार्ज संपेल. संकटात ११२. काश्मीर किंवा लडाखला जाणार असाल तर आपलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड लागतं.

आमचं काय ठरलं?

ग्रुपवर ६३ मीटरचा आकडा टाकला तेव्हा पहिला रिप्लाय आला, "लेका, पनवती नको लावू." मग मी उताराचं गणित टाकलं आणि बराच वेळ निळ्या टिकांपलीकडे काहीच आलं नाही.

शेवटी ठरलं ते असं. सेडान मनालीत पार्किंगला राहील. बर्फाच्या पट्ट्यात स्थानिक ड्रायव्हर आणि त्याची चेनवाली फोर बाय फोर. भाडं पाच जणांत वाटून. दुपारी तीनला परत फिरायचं, रील झाली असो वा नसो.

काकूंना फोन करून सांगितलं, गाडी बर्फात जाणारच नाही. त्या म्हणाल्या, "मग बरंय. पोरं तर थांबतेत ना वेळेवर?" त्याचं गणित अजून मला मांडता आलेलं नाही.