दोन दशांशांचा मोह

घोडनदीकाठचे शिरूर आणि भीमेकाठचे दौंड या दोन्ही तालुक्यांचा यंत्रांशी जुना परिचय आहे. शिरूर तालुक्यात रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे, तर दौंडला रेल्वेचे जंक्शन आणि तालुक्यातच कुरकुंभची औद्योगिक वसाहत. साहजिकच या परिसरात निवृत्तीनंतर अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये लहानसा लेथ बसवणारे फिटर आढळतात आणि विहिरीवरील मोटारीची दुरुस्ती स्वतःच करू पाहणारे ऊस बागायतदारही. अशा घरगुती कार्यशाळेत पान्यांच्या पाठोपाठ गरज भासते ती डिजिटल कॅलिपरची.

बाजारात त्याचे ढोबळ तीन वर्ग दिसतात. काही शे रुपयांत मिळणारा प्लॅस्टिकचा कॅलिपर बहुधा 0.1 मिलिमीटरपर्यंतच वाचतो. सुतारकामास तो पुरेसा, लेथकामास अपुरा. त्यावरचा वर्ग 150 मिलिमीटर मापाच्या स्टेनलेस स्टीलच्या साध्या कॅलिपरचा. तिसरा वर्ग नामांकित जपानी बनावटीचा; त्याची किंमत दुसऱ्याच्या कित्येक पट असते. घरगुती कामास मधला वर्ग बहुधा पुरतो. मात्र तो पारखून घ्यावा लागतो.

खरी फसगत होते ती पडद्यावरील आकड्यांमुळे. तेथे 0.01 मिलिमीटरपर्यंत आकडा दिसतो, म्हणून माप तितके अचूक आहे असे ग्राहक धरून चालतो. वस्तुतः अशा कॅलिपरची अचूकता साधारणतः अधिक-उणे 0.02 ते 0.03 मिलिमीटर असते. पासबुकात शिल्लक पैशापर्यंत छापली म्हणून खाते जुळले असे होत नाही. त्यासाठी ताळमेळ घ्यावा लागतो. मापाचेही तसेच आहे.

हा ताळमेळ दुकानातच घेता येतो. प्रथम जबडे स्वच्छ पुसून मिटावेत आणि उजेडासमोर धरावेत. मध्ये प्रकाशाची फट दिसता कामा नये. मग शून्य करून जबडे दहा वेळा उघडावेत व मिटावेत. दर वेळी शून्य परत आले पाहिजे. सरकता जबडा हलवून पाहावा. तो डुलत असेल तर टोकाशी घेतलेले माप चुकणारच. शेवटी 6203 क्रमांकाचे नवे बेअरिंग मागून घ्यावे. त्याचा बाह्य व्यास 40 मिलिमीटर असतो आणि चांगल्या बनावटीत तो फार तर 0.011 मिलिमीटरने कमी भरतो. आतील छिद्र 17 मिलिमीटरचे. बाहेरचे व आतले, दोन्ही जबडे या एकाच वस्तूवर तपासले जातात. रुंदीवर मात्र विसंबू नये, कारण तेथे मुभा बरीच सैल असते.

बॅटरीचा प्रश्नही लहान नाही. अनेक स्वस्त कॅलिपर बंद केल्यावरही थोडी वीज ओढत राहतात, त्यामुळे ऐन कामाच्या वेळी पडदा कोरा दिसतो. एलआर 44 ऐवजी त्याच आकाराची एसआर 44 ही सिल्व्हर ऑक्साइडची बॅटरी अधिक टिकते आणि काम संपल्यावर काढून ठेवली तर आणखी टिकते. कटिंग ऑइल वा पाणी पट्टीवर गेल्यास आकडे भरकटतात. नुकताच कातलेला गरम तुकडा मोजणेही चुकीचे. 100 मिलिमीटरचा पोलादी तुकडा 50 अंशांनी तापला, तर तो सुमारे 0.06 मिलिमीटरने वाढलेला असतो.

यापुढे मर्यादा ओळखण्याचा भाग येतो. मोटारीच्या शाफ्टवर बेअरिंग बसवण्याची जागा 17 मिलिमीटरची असेल, तर तेथे शतांश मिलिमीटरचाच हिशेब असतो. कॅलिपरने ‘जुळले’ म्हणून सांगितलेली जागा प्रत्यक्षात सैल निघाली, तर बेअरिंगची आतली कडी शाफ्टवर फिरू लागते, शाफ्ट झिजतो, रोटर स्टेटरला घासतो आणि वाइंडिंग जळते. ऐन उन्हाळ्यात उभ्या उसाला पाणी नसणे ही त्या दोन शतांशांची किंमत ठरते. म्हणून अशा जागेसाठी 0 ते 25 मिलिमीटरचा साधा मायक्रोमीटरच वापरावा. महाग कॅलिपर घेण्याऐवजी मधल्या वर्गातला कॅलिपर आणि असा मायक्रोमीटर ही जोडी घेतल्यास पैसा योग्य ठिकाणी खर्च होतो.

जुना वर्निअरही मोडीत काढू नये. पिअर व्हर्निए यांनी 1631 मध्ये मांडलेली ती उपपट्टीची युक्ती आजही बॅटरीवाचून चालते. साठी ओलांडलेल्या डोळ्यांना त्या बारीक रेघा दिसत नाहीत, आणि डिजिटल पडद्याचा खरा लाभ तेथेच आहे: तो माप अधिक खरे करीत नाही, वाचायला सोपे करतो. एवढे ध्यानात ठेवून खरेदी करणाऱ्याला स्वस्त कॅलिपरही वर्षानुवर्षे चांगली साथ देतो.