चार पार्ट्यांत वाजवा, पण एक तारीख एकालाच द्या



परवाच्या बॅचला पनवेलचा एक मुलगा आला होता. ऑक्टोपॅड वाजवतो. एक बँजो पार्टी, एक ऑर्केस्ट्रा, एक भक्तिगीतांचा ग्रुप. म्हणाला, "सर, तिघेही नाराज आहेत. एकच धरू का?"

बरेच जण त्याला सांगतील, फोकस कर, एकच धर. मी नाही सांगणार. या धंद्यात सीझन असतो. लग्नसराई संपली की गणपतीपर्यंत बँजोवाला घरी बसतो. २०२४ च्या मे-जूनमध्ये शुक्राचा अस्त आला आणि भर उन्हाळ्यात लग्नाचे मुख्य मुहूर्तच नव्हते. ज्यांची सगळी भिस्त हळदी-वरातींवर होती, त्यांचं काय झालं असेल, विचार करा. तीन ठिकाणी वाजवणं हा त्याचा विमा आहे.

चुकतंय ते वेगळंच. तो तिघांनाही एकच उत्तर देतो, "बघतो, जमवतो." इथेच घोळ. रात्री दहाला लाऊडस्पीकर बंद करावा लागतो, बाराची परवानगी वर्षातून फार तर १५ दिवस. म्हणजे सगळ्यांचेच कार्यक्रम सात ते दहात. त्यात सेटअप, साउंड चेक, ट्रॅफिक. एका संध्याकाळी दोन सुपाऱ्या होत नाहीत हो! तुम्ही वाजवणं विकता असं वाटतं, पण खरं तर तारीख विकता. मेंदीवाली, फोटोग्राफर, मंडपवाला, सगळ्यांचं हेच.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. मी पूर्वी ढोलकी वाजवायचो. एका छोट्या पार्टीची हळद १५०० रुपयांत घेतली, ५०० ॲडव्हान्सही घेतला. चार दिवस आधी ऑर्केस्ट्रातून ४००० ची ऑफर आली. मी त्या काकांना सांगितलं, ताप आलाय. त्यांनी आयत्या वेळी शाळेत जाणाऱ्या पुतण्याला बसवलं, लग्नघरच्यांनी पैसे कापले. काका भांडले नाहीत. ५०० रुपये परत घ्यायला घरी आले, चहा घेतला आणि गेले. पुढे त्यांचा फोन आला नाही. आणि ऑर्केस्ट्रावाल्याला ताप प्रकरण कळलं, तेव्हा त्यानेच मला विचारलं, "आमच्या वेळेला काय येणार, जुलाब?"

तर माझं मत सरळ आहे. डायरी एकच ठेवा. त्यात तारीख मोकळी, विचारलेली किंवा पक्की. विचारलेली दोन दिवसांवर ठेवायची नाही, हो किंवा नाही कळवायचं. ॲडव्हान्स घेतला की पक्की, मग दुप्पट पैसे आले तरी नाही. रिहर्सलही डायरीत लिहा, ती बुडवणाऱ्यावर लोक जास्त चिडतात. खरंच अडलात तर बदली वादक तुम्ही शोधा, मालकाला आधी सांगा आणि त्याने जास्त मागितले तर फरक तुमच्या खिशातून द्या. आणि कुठे कुठे वाजवता ते लपवू नका, त्यांना कळतंच.

मुलाने विचारलं, "पण मोठी सुपारी सोडली तर ते परत बोलावतील?"

कदाचित नाही बोलावणार. तेही मी त्याला सांगितलं. त्याने तिथेच फोन उघडला. तुळशीच्या लग्नानंतरच्या एकाच शनिवारी दोन "बघतो" निघाले. जास्त पैशांचा नंतर आलेला होता. पाच मिनिटं नुसता बघत बसला, मग त्यालाच फोन लावला.