ग्रंथपालाचें वर्ष आणि आमचा आळस

गेल्या वर्षीं जूनमध्यें आमच्या महाविद्यालयांत एक तरुण ग्रंथपाल रुजू झाले. पहिल्याच आठवड्यांत एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांनीं त्यांस उपदेश केला कीं, कामाचें नियोजन नीट ठेवा, म्हणजे वर्ष सुखानें जाईल. आम्हीं शेजारीं बसून मान डोलावली. त्या मान डोलावण्याची आज आम्हांस लाज वाटते.

जून-जुलैंतील प्रवेशाची गर्दी, ओळखपत्रें, पुस्तकपेढीपुढील रांगा हें सारें अपरिहार्यच आहे. त्याविषयीं कोणाही ग्रंथपालाची तक्रार नसते. परंतु हव्या असलेल्या पुस्तकांच्या याद्या त्यांनीं जुलैअखेर मागितल्या, त्या आम्हीं प्राध्यापकांनीं दिल्या केव्हां? फेब्रुवारी सरतां सरतां! ३१ मार्चला अनुदानाची मुदत संपणार. तेवढ्या अवधींत दरपत्रकें, खरेदी, बिलें, दाखल नोंदवही, वर्गीकरण, सारें एकट्या माणसानें उरकावयाचें, आणि नेमके त्याच दिवसांत परीक्षार्थी विद्यार्थी दारांत उभे! मग हवीं तीं पुस्तकें मिळेनात, म्हणून विक्रेत्यापाशीं पडून असलेलीं आलीं. आमच्याच यादींतला एक ग्रंथ एप्रिलांत खोक्यांत बांधलेला सांपडला. त्यासाठीं चार वेळां हेलपाटे घातलेली विद्यार्थिनी तोंवर परीक्षा देऊन गांवीं गेली होती.

यावर कोणी म्हणतात, "पण त्यांना तास कोठें असतात?" या एका वाक्यानें ग्रंथपालाचें जेवढें नुकसान केलें आहे तेवढें वाळवीनेंही केलें नसेल. तास नाहींत म्हणून निमंत्रणपत्रिका त्यांनीं लिहाव्या, मूल्यांकन समिती येणार म्हणून साऱ्या महाविद्यालयाच्या फायली त्यांनींच लावाव्या, आणि मे महिन्यांत एकेक पुस्तक हातीं घेऊन नोंदवहीशीं ताडून पाहाण्याचें काम चाललें असतां "सुटी मजेंत ना?" हा प्रश्नही त्यांनींच ऐकून घ्यावा!

डॉ. रंगनाथन हे १९२४ सालीं मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. त्यापूर्वीं ते आमच्यासारखेच अध्यापक होते, गणिताचे. १९३१ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पांच सूत्रांपैकीं चौथें सूत्र वाचकाचा वेळ वांचविण्याचें आहे. आम्हीं ग्रंथपालाचा वेळ नासून वाचकाचा वांचावा अशी अपेक्षा धरतों! १२ ऑगस्ट या त्यांच्या जन्मदिनीं त्यांच्या तसबिरीला हार घालण्यास आम्ही सर्व अगत्यानें जमतों; खिशांत यादी मात्र कोणाच्याही नसते.

म्हणून प्राचार्यांपाशीं आम्हीं लेखी मागणी केली आहे कीं, ३१ ऑगस्टनंतर आलेली यादी पुढील वर्षाची समजावी, मग ती विभागप्रमुखांची कां असेना. सहकारी रागावले आहेत; रागावोत बापडे. आमची यादी यंदा आम्हीं हार घालण्यापूर्वींच ग्रंथपालांच्या हातीं दिली. ते क्षणभर कागदाकडे पाहात राहिले, आणि मग त्यांनीं आम्हांस तीवर तारीख घालावयास सांगितली.