दोन मनगटांची साक्ष

उस्मानिया रुग्णालयात उमेदवारी केलेल्या आपल्या पिढीला त्याचे घुमट ठाऊक आहेत. त्याआधीच्या अफझलगंज रुग्णालयाची आठवण मात्र क्वचितच निघते. १९०८ च्या मुसीच्या महापुराने ते नेले. तेथील डॉ. एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने आणि निजामाच्या द्रव्यसाहाय्याने १८८८ व १८८९ साली हैदराबादेत क्लोरोफॉर्म कमिशनचे प्रयोग झाले. दुसऱ्या कमिशनसाठी लंडनहून लॉडर ब्रंटन आले. प्राण्यांच्या रक्तदाबाचे व श्वसनाचे आलेख यंत्राने काढण्यात आले. निष्कर्ष असा, की क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो, हृदय नंतर. तेव्हा नाडी सोडा, श्वास पाहा. पुढे १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी हलक्या भुलीतही व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशनने मृत्यू ओढवू शकतो, हे दाखवून दिले. आलेख खोटे नव्हते. त्यांना जेवढे विचारले तेवढेच ते सांगत होते.

हे आठवण्याचे कारण म्हणजे एका पाच वर्षांच्या मुलीचा उजवा हात.

मुलीला जन्मापासून उजव्या अंगाचा हेमिप्लेजिया. माझ्या टेबलापाशी ती उजव्या हाताने मणी उचली, ठोकळे रची. सहा महिने मी कागदावर ‘प्रगती समाधानकारक’ असे लिहीत होतो. आई म्हणे, “डॉक्टरसाहेब, घरी हा हात नुसता लोंबतो. डाव्या हाताने जेवते म्हणून आजी रागावतात.” आईचा धीर सुटत चालला आहे, अशी मी समजूत करून घेतली. मग फिजिओथेरपिस्टने तिच्या दोन्ही मनगटांवर घड्याळासारखे सेन्सर तीन दिवस बांधले. डाव्या हाताची रेघ दिवसभर नाचत होती. उजव्याची जागी झाली ती व्यायामाच्या तासापुरती. आईचे म्हणणे खरे होते, चूक माझी होती.

हात काय करू शकतो आणि प्रत्यक्षात काय करतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एडवर्ड टाउब यांनी याला ‘शिकलेला अ-वापर’ म्हटले आणि चांगला हात बांधून दुबळ्याला कामाला लावणारी उपचारपद्धती घडवली. निरोगी उजखोऱ्या प्रौढाचेही दोन्ही हात दिवसभरात जवळजवळ सारखाच वेळ हलतात, हे याच यंत्रांनी दाखवले. एक हात काम करतो तेव्हा दुसरा धरतो, सावरतो.

आणि नेमके हे धरणेच यंत्राला कळत नाही. चालताना हात झुलला किंवा आपल्या रस्त्यांवर स्कूटर आदळली, की ते हालचाल नोंदवते. पण ही मुलगी उजव्या तळव्याने वही दाबून डाव्या हाताने चित्र काढते, तेव्हा उजव्या मनगटाच्या खात्यावर शून्य पडते. आईच्या वहीत मात्र त्या दिवशी ठळक नोंद असते. आता तिच्या व्यायामात मटार सोलणे आणि डब्याचे झाकण काढणे आहे.

सेन्सर हवेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु वर्षाच्या आतले मूल एकच हात पुढे करत असेल, तर ‘आमचे बाळ डावखुरे’ या कौतुकात सामील न होता दुसरा हात तपासायला कोणतेही यंत्र लागत नाही, आणि तिथे आपण अजून चुकतो.

आपल्या संस्थेने अशा सेन्सरच्या दोन जोड्या घेऊन सभासदांना आळीपाळीने द्याव्यात, ही माझी सूचना आहे. मात्र प्रत्येक जोडीबरोबर मराठी, तेलुगू आणि उर्दूत छापलेली, आईने भरायची एक साधी वहीही असावी. तिचा मसुदा मी तयार ठेवला आहे.