टक्कल आणि टिंगल

अलीकडेच झालेल्या एका साखरपुड्यात ताटं वाढली जात असताना एका वडीलधाऱ्या नातेवाइकांनी माझ्या भाच्याच्या डोक्यावर टपली मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काय रे, अंतरपाट धरायच्या आधीच मैदान साफ?" पंगत हसली. भाचाही हसला. चोवीस वर्षांचा आहे, नुकताच नोकरीत कायम झालाय. त्यानंतर एकाही फोटोत तो पुढे आला नाही. कायम मागच्या रांगेत, तेही कडेला, डोकं भिंतीला लावून.   

दुसऱ्याच्या शरीरावर बोलण्याबाबत गेल्या काही वर्षांत आपल्याकडे थोडी तरी लाज आली आहे. एखादीला काळी म्हटलं तर चारातला एक जण टोकतो. जाड्या म्हणताना लोक इकडेतिकडे पाहतात. टकल्या म्हणताना मात्र अजून कुणाची जीभ अडखळत नाही. शाळेपासून निवृत्तीच्या निरोप समारंभापर्यंत ती मुभा सगळ्यांना आहे, आणि ज्याच्यावर विनोद झाला त्यानेच सगळ्यांत आधी हसायचं अशी रीत आहे. नाही हसला तर ‘पुरुषासारखा पुरुष तू, एवढं काय मनाला लावून घेतोस’ हे ऐकायचं. आणि तीच माणसं स्थळ घेऊन आली की मुलीकडच्यांचा प्रश्न खालच्या आवाजात पोचवतात, "डोक्यावर केस आहेत ना?" मला या दुटप्पीपणाची चीड येते. मुलींच्या रंगावरून, उंचीवरून होणाऱ्या बोलण्यावर या सदरात मी पुष्कळदा भांडले आहे. मुलांच्या केसांसाठीही तितक्याच जोराने भांडणार आहे. विशीतल्या मुलाला रोज सकाळी उशीवर आणि न्हाणीघराच्या जाळीवर आपले केस दिसतात, आणि घरात ते कुणापाशी बोलायची सोय नसते. हे दुःख खरं आहे.

साखरपुड्याला आठवडाही झाला नव्हता तेव्हा भाचा माझ्याकडे आला आणि त्याने बॅगेतून एक गुळगुळीत फाइल काढली. कुठल्याशा हेअर क्लिनिकचं वर्षभराचं पॅकेज. मी कागद वाचत गेले. स्वतःचंच रक्त काढून त्यातला प्लेटलेटचा भाग डोक्यात टोचायचा, म्हणजे पीआरपी, त्याच्या अनेक खेपा. लेझर. बायोटिनच्या गोळ्या. कांद्याचं तेल. त्यांच्याच नावाचा शाम्पू. रक्कम त्याच्या दोन पगारांहून जास्त, आणि हप्ते खात्यातून आपोआप कापले जाणार. सही करून मोकळा झालेला. तपासलं कोणी, म्हणून विचारलं तर म्हणे काउन्सेलर मॅडमनी. त्यांनी छोटा कॅमेरा टाळूवर धरला, पडद्यावर मोठं करून दाखवलं आणि सांगितलं, आज सुरू केलं नाहीत तर सहा महिन्यांत काही उरणार नाही. डॉक्टर भेटलेच नाहीत. अख्ख्या फाइलीत कुठे डॉक्टरचं नाव नाही, नोंदणी क्रमांक नाही. आणि पुरुषांच्या टकलावर ज्या दोन औषधांना भक्कम पुरावा आहे, त्यांतलं एकही त्या यादीत नव्हतं.

ती दोन औषधं आधी सांगते. मिनॉक्सिडिल ही मुळात रक्तदाबाची गोळी. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, म्हणून डोक्याला लावायचं द्रावण तयार झालं आणि १९८८ मध्ये अमेरिकेत त्याला टकलासाठी मान्यता मिळाली. दुसरं फिनॅस्टेराइड. ते १९९२ मध्ये प्रोस्टेटच्या त्रासासाठी आलं आणि १९९७ मध्ये त्याची एक मिलिग्रॅमची गोळी पुरुषांच्या टकलासाठी मान्य झाली. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डीएचटी नावाचं संप्रेरक बनतं. आईवडिलांकडून आलेल्या जनुकांमुळे ज्यांच्या केसांच्या मुळांना ते सोसत नाही, त्यांचे कपाळावरचे आणि टाळूवरचे केस बारीक होत होत संपतात. ही गोळी डीएचटी बनणंच कमी करते. १५५३ पुरुषांवर झालेल्या चाचणीत दोन वर्षांनंतर गोळी घेणाऱ्यांपैकी ८३ टक्क्यांचे टाळूवरचे केस टिकले किंवा वाढले. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण २८ टक्के होतं.

मग उपचार करून पाहावेत का? ज्याला केस गेल्याचं खरंच दुःख आहे, त्याने पाहावेत, आणि लवकर पाहावेत. असलेले केस राखणं हे या औषधांचं मुख्य काम. गुळगुळीत झालेल्या टाळूवर ती रान उभं करत नाहीत. फरक दिसायला सहा महिने ते वर्ष लागतं. मिनॉक्सिडिल सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत पुष्कळांचे केस उलट जास्त गळतात आणि तिथेच घाबरून कित्येक मुलं बाटली टाकून देतात. औषध थांबवलं की काही महिन्यांत मिळालेलं सगळं जातं, त्यामुळे हे वर्षानुवर्षांचं काम आहे, ते आधीच सांगायला हवं. फिनॅस्टेराइडने थोड्या पुरुषांची कामेच्छा कमी होते किंवा ताठरतेचा त्रास होतो. मूळ चाचण्यांत असा त्रास गोळी घेणाऱ्यांत ३.८ टक्के आणि औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत २.१ टक्के होता. मन खचणं, आत्महत्येचे विचार येणं हाही याचा दुष्परिणाम असू शकतो, असं युरोपच्या औषध नियामकांनी २०२५ मध्ये नोंदवलं. पन्नाशीपुढच्या पुरुषांनी प्रोस्टेटची पीएसए तपासणी करताना ही गोळी चालू असल्याचं सांगायलाच हवं, कारण तिच्यामुळे तो आकडा निम्म्यावर येतो. हे सगळं बसून समजावणारा माणूस डॉक्टरच हवा. त्या फाइलीतल्या बाकीच्या गोष्टींचं म्हणाल तर पीआरपीचा गुण माणसागणिक वेगळा आणि करायची पद्धत दवाखान्यागणिक वेगळी. बायोटिन ज्याच्या शरीरात कमी आहे त्यालाच लागतं. कांद्याच्या रसावरचा जो अभ्यास सगळे पुढे करतात, तो छोटासा आहे आणि चाई पडलेल्या लोकांवरचा आहे. माका, जास्वंद, वडाच्या पारंब्या घालून उकळलेल्या तेलाशी माझं भांडण नाही. आमच्या घरी ते अजून होतं, केस मऊ राहतात, डोकं शांत होतं. पण त्याने बापाचं किंवा आजोळचं टक्कल अडत नाही.

आमच्या घरातल्या वडीलधाऱ्या अण्णांना मी वर्षानुवर्षं एकाच सलूनमध्ये कटिंगला घेऊन जाते.  या रविवारी तिथे हा विषय काढला आणि एवढी वर्षं त्या बाकड्यावर बसून जे कळलं नव्हतं ते कळलं. सलूनवाले म्हणाले, "ताई, पोराला कळायच्या आधी मला कळतं." कसं, तर त्यांनी नुकत्याच उठून गेलेल्या गिऱ्हाइकाच्या अंगावरचं कापड झटकण्याआधी माझ्यासमोर धरलं. पांढऱ्या कापडावर कापलेले केस पडले होते. कानामागचे जाड, काळेभोर. टाळूवरचे त्यांच्या शेजारीच, पण लहान बाळाच्या जावळासारखे मऊ आणि भुरकट. "असे दोन जातीचे केस एका डोक्यातनं पडायला लागले की सुरुवात झाली समजायची. डोकं अजून भरलेलंच दिसतं." त्वचारोगतज्ज्ञ भिंगातून नेमकं हेच पाहतात, एकाच भागातल्या केसांच्या जाडीतला फरक.

पुढे त्यांनी सांगितलं ते मला जास्त भिडलं. कटिंग झाली की मागे हातातला आरसा धरून मान दाखवायची पद्धत असते. टाळू विरळ व्हायला लागलेली मुलं पहिल्यांदा स्वतःचं डोकं मागून पाहतात ती तिथेच, खुर्चीत, कापड गळ्याला बांधलेलं असताना. "पोरगं एकदम गप्प होतं. पैसे देताना वर बघत नाही." म्हणून अशा मुलांना ते आरसा खाली धरतात, मानेपुरता. आणि सलून रिकामं असलं तर हळूच सांगतात, एकदा स्किनच्या डॉक्टरला दाखवून ये, अजून वेळ आहे. तेलाच्या बाटल्या ठेवा, विक्रीमागे चांगलं कमिशन देतो म्हणून एजंट येतात. यांनी एकही बाटली ठेवलेली नाही. "ज्याच्या डोक्याला महिन्याच्या महिन्याला हात लावतो, त्याला खोटं कसं सांगायचं?" वर्षाच्या पॅकेजवर सही घेणाऱ्या त्या वातानुकूलित खोलीत हे वाक्य कुणी म्हटलं असतं तर भाच्याचे पैसे वाचले असते.

अण्णा खुर्चीतून म्हणाले, "आमच्या वेळी टोपी होती." मला हे आजवर सुचलं नव्हतं. अण्णांचा लग्नातला फोटो आमच्या भिंतीवर आहे. त्यांच्या मागे उभे असलेले सगळे पुरुष काळ्या किंवा पांढऱ्या टोपीत, दोन-तीन फेटेवाले. त्यांतल्या कितींना टक्कल होतं ते फोटोवरून कुणी सांगू शकणार नाही. डोकं उघडं ठेवून चारचौघांत जाणंच असभ्य समजलं जायचं, वडील गेले की गोटा केला जायचा, मुंजीत डोकं चकोट व्हायचं. माणूस बिनकेसांचा दिसण्याची सवय सगळ्यांच्या डोळ्यांना होती. गावाकडच्या लग्नांत टोपी अजून दिसते. शहरात ती गेली, आणि तिच्याबरोबर पुरुषांच्या डोक्याची एक सोयही गेली. अण्णांचं टक्कल तिशीतलं आहे आणि त्यांना कुणी कधी टकल्या म्हटल्याचं आठवत नाही. माझी बहीण म्हणते की मी टोपीचं फार करते. असेन करत.

फाइलीच्या शेवटच्या पानावर ‘गरज पडल्यास ट्रान्सप्लांट’ अशी ओळ होती, तिने माझी झोप उडवली. डोक्याच्या मागच्या बाजूचे केस पुढे लावले तरी ते आपला टिकाऊपणा सोडत नाहीत, हे न्यूयॉर्कचे डॉ. नॉर्मन ओरेन्ट्राइक यांनी १९५० च्या दशकात दाखवलं, त्यावर ही शस्त्रक्रिया उभी आहे. जाणत्या हातांत ती चांगली होते. पण नवे केस त्यातून येत नाहीत, आहेत तेच हलवले जातात. चोविसाव्या वर्षी, टक्कल कुठवर जाणार हे ठरलेलं नसताना केली, तर लावलेल्या केसांमागचे टाळूवरचे मूळचे केस गळत राहतात आणि पुढे लावलेली पट्टी एकटी उरते. शिवाय ती शस्त्रक्रिया आहे, तासन् तास चालणारी, भुलीची इंजेक्शनं देऊन होणारी. मुंबईत २०१९ मध्ये ट्रान्सप्लांटनंतर एका व्यावसायिकाचा मृत्यू झाला. कानपूरमध्ये दोन अभियंते असेच गेले, ते प्रकरण २०२५ मध्ये उघडकीला आलं आणि पोलिसांत गुन्हा दाखल झाला. राष्ट्रीय वैद्यक आयोगाला २०२२ मध्ये लेखी सांगावं लागलं की कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहणं म्हणजे ट्रान्सप्लांटचं प्रशिक्षण नव्हे. असं सांगावं लागतं, यावरून काय चाललंय ते समजा. औषधाने टक्कल बरं होतं असा दावा करायला आपल्या औषध नियमांच्या अनुसूची ‘जे’मध्ये बंदी आहे, आणि आमच्या बसथांब्यावर दोन बाजूंना तीच जाहिरात आहे.

भाच्याला मी सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात नेलं. केसपेपर काढला, रांगेत बसलो. तरुण डॉक्टर होत्या. त्यांनी बोटांच्या चिमटीत केसांचा झुबका धरून हलकेच ओढून पाहिला, भिंग लावलं, अलीकडे डेंग्यू-टायफॉइड झाला होता का विचारलं, वडिलांचं आणि मामांचं विचारलं, रक्तात लोह आणि थायरॉइड तपासायला सांगितलं. केस गळण्याचं कारण एकच नसतं, म्हणाल्या. २०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस चार-आठ दिवसांत गेले, ते वाचकांना आठवत असेल. तिथे पोचून डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. त्या लोकांना मिनॉक्सिडिल देऊन काय होणार होतं? आधी तपासायचं असतं. भाच्याचं कारण साधं, घराण्यातलं निघालं. डॉक्टरांनी फोटो काढून ठेवले, डोक्याला लावायचं औषध लिहून दिलं, गोळीचे फायदे-तोटे सांगितले आणि म्हणाल्या, विचार कर, घाई नाही, आईशी बोलायचं असेल तर बोल. तो बराच वेळ प्रश्न विचारत होता. बाहेर आल्यावर त्याने पहिल्यांदा मला सांगितलं की अकरावीपासून तो पंख्याखाली बसत नाही, केस उडून कपाळ उघडं पडतं म्हणून.

पॅकेजचे पैसे अजून अडकलेले आहेत. ‘कोणत्याही परिस्थितीत रक्कम परत मिळणार नाही’ असं करारात बारीक टायपात आहे. अशा एकतर्फी अटींना २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली आव्हान देता येतं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, क्लिनिकला लेखी पत्र गेलं आहे आणि सोमवारी बँकेत जाऊन हप्त्यांचं विचारणार आहोत. ज्यांनी अशा पॅकेजचे पैसे परत मिळवले असतील त्यांनी वर्तमानपत्राच्या पत्त्यावर मला कळवावं. भाच्याला आणि त्याच्यासारख्या इतरांना ती माहिती हवी आहे.