रक्त कोणाचे, निर्णय कोणाचा?

संयुक्त राष्ट्रसंघाचे निळे शिरस्त्राण घालून परक्या भूमीवर पहारा देणारा सैनिक आज बहुधा नेपाळ, बांगलादेश, भारत किंवा रुवांडा यांसारख्या देशाचा असतो. त्याने कोठे जावे, किती काळ राहावे आणि शस्त्र केव्हा चालवावे, हे मात्र सुरक्षा परिषद ठरवते. तेथे नकाराधिकार पाच राष्ट्रांच्या मुठीत आहे. ठरावांचे मसुदेही बहुतांशी अमेरिका, ब्रिटन व फ्रान्सच लिहितात. एकाने हुकूम सोडावा आणि दुसऱ्याने मरावे, ही वसाहतकालीन रीतच नव्हे काय?

सिएरा लिओनचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. फेब्रुवारी 2000 मध्ये परिषदेने तेथील शांतिसेनेची कामगिरी वाढवली. मे महिन्यात बंडखोरांनी शेकडो शांतिसैनिक ओलीस धरले; कैलाहून येथे दोनशेहून अधिक भारतीय सैनिक जुलैपर्यंत वेढ्यात अडकून पडले. परिषदेत त्या वेळी भारताला स्थान नव्हते. त्याच वर्षी भारताने सैन्य माघारी नेण्याचा निर्णय जाहीर केला. पुढे जून 2001 मध्ये, सैन्य पुरवणाऱ्या देशांशी विचारविनिमय करण्याविषयीचा 1353 क्रमांकाचा ठराव परिषदेने संमत केला. परंतु विचारविनिमय म्हणजे निर्णयातील वाटा नव्हे.

वास्तविक हे तत्त्व सनदेत आहेच. परिषदेबाहेरील राष्ट्राकडे सैन्य मागण्यापूर्वी, त्याची इच्छा असल्यास, त्या सैन्याच्या वापरासंबंधीच्या निर्णयात त्याला सहभागी करून घ्यावे, असे कलम 44 सांगते. ज्या लष्करी करारांच्या आधारे हे घडावयाचे होते, ते करार कधी झालेच नाहीत आणि कलम कागदावरच राहिले.

मात्र हक्क मागणाऱ्यांनी उत्तरदायित्वही पत्करले पाहिजे. 2010 मध्ये हैतीत नेपाळी शांतिसैनिकांच्या तळावरून कॉलरा पसरला व हजारो गोरगरीब दगावले. राष्ट्रसंघाने न्यायालयात विशेषाधिकाराची ढाल पुढे केली; क्षमायाचना झाली ती 2016 मध्ये. तेथे गरीब देशाचा सैनिक आणि गरीब देशाची जनता, दोघांचेही भवितव्य इतरांच्या हाती होते.

म्हणूनच सैन्य पुरवणाऱ्या देशांनी एकत्र येऊन एक अट घालावी: कामगिरीचा मसुदा ठरवताना आम्ही आणि ज्यांच्या भूमीवर सेना उतरणार तेथील जनतेचे प्रतिनिधी उपस्थित असल्याखेरीज एकही तुकडी निघणार नाही. सैन्य त्यांचेच असल्याने ही अट घालण्याचे सामर्थ्यही त्यांच्यापाशी आहे. ते एकजुटीने वापरण्याचा निर्धार तेवढा हवा.