मे महिन्यात शाळेची एक खोली उघडी ठेवा

मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे. पण घरात तिसरी ते नववीतलं लेकरू असेल तर शेवटपर्यंत वाचा.

सुट्ट्या लागल्या की आमच्या ऑफिसात दोन प्रकारची पत्रकं येऊन पडतात. एक उन्हाळी शिबिरांची. रोबोटिक्स, कोडिंग, बालवैज्ञानिक वगैरे. आठ-दहा दिवस आणि फी हजारांत. दुसरी फाउंडेशन बॅचची. आठवीपासूनच नीट, जेईई. या जाहिराती आम्हीही छापतो, आमचं पोट त्यावर आहे, त्यामुळं त्यांना शिव्या घालायला मी बसलेलो नाही. माझा मुद्दा एवढाच की जिल्ह्यातल्या बहुतेक लेकरांच्या घरी ही फी परवडणारी नाही.

त्यात ऊसतोड कामगारांची लेकरं आली. दिवाळीच्या आगेमागे माणसं कारखान्याला जातात, पट्टा पडला की मार्च-एप्रिलात परततात. काही लेकरं आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, काही थेट फडावर. गावातली सगळी पोरं गावात आहेत आणि दिवसभर मोकळी आहेत, असा महिना वर्षात एकच येतो, मे. नेमकं तेव्हाच शाळेला कुलूप.

मग ती पोरं करतात काय? मोबाईल बघतात, नाहीतर विहिरीवर, शेततळ्यावर जातात. पुढची बातमी दर उन्हाळ्यात आम्हालाच लिहावी लागते.

आता कुणी म्हणेल, विज्ञान शिकवायचं तर साहित्य लागतं, पैसा लागतो. अरविंद गुप्तांचं काम बघा. १९७५ मध्ये आयआयटी कानपूरमधून इंजिनिअर झाले, पुण्यात टेल्कोत नोकरी. १९७८ मध्ये वर्षभराची रजा काढून मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि पुढं आयुष्यभर कचऱ्यातून खेळणी करत राहिले. पुण्याच्या आयुकातल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षं काम केलं. २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांची पुस्तकं इंटरनेटवर फुकट आहेत, मराठीतसुद्धा.

त्यांचा सगळ्यात साधा खेळ काड्यांचा. काडेपेटीच्या काड्यांचा गूल खरवडून टाकायचा. सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी आणायची, तिचे तुकडे सांध्याला वापरून काड्या जोडायच्या. तीन काड्यांचा त्रिकोण करा, दाबला तरी हलत नाही. चार काड्यांचा चौकोन करा, लगेच तिरका होतो. त्यात एक आडवी काडी टाका, घट्ट होतो. मग पोराला बाहेर नेऊन पत्र्याच्या शेडची कैची दाखवा, विजेचा टॉवर दाखवा. सगळीकडं त्रिकोण का, हे त्याला सांगावं लागणार नाही.

आपल्याकडं करता येतील अशा आणखी तीन गोष्टी सांगतो.

पहिली, माठ. मोठ्या मडक्यात छोटं मडकं ठेवा, मधल्या जागेत ओली वाळू भरा, वर ओलं फडकं टाका. आत एक मेथीची जुडी, बाहेर एक. तीन दिवस वाळू ओली ठेवा आणि दोन्ही जुड्या बघा. नायजेरियातल्या मोहम्मद बाह अब्बा नावाच्या शिक्षकानं हीच युक्ती गावोगावच्या गरीब शेतकऱ्यांपर्यंत नेली. पाण्याची वाफ होताना ते उष्णता घेऊन जातं, म्हणून आत गार. हवा जितकी कोरडी तितकी ही युक्ती चांगली चालते. म्हणजे मुंबईच्या दमट हवेपेक्षा आपल्या बीडच्या उन्हाळ्यात जास्त. दुष्काळी हवेचा एवढा तरी फायदा घेऊ की हो!

दुसरी, लेव्हल पाईप. गवंड्याकडं पाणी भरलेली पारदर्शक नळी असते. दोन्ही टोकांचं पाणी एका पातळीत येतं, त्यावरून तो भिंतीची, जोत्याची लेव्हल काढतो. पोरांनी ती घेऊन अंगणाचा उतार मोजावा, पाऊस पडला तर पाणी कुठं जाईल ते आधी कागदावर काढावं आणि जूनमध्ये तपासावं. मग त्यांना बीडची खजिना विहीर दाखवा. सोळाव्या शतकातली. त्या विहिरीचं पाणी मोटारीशिवाय, नुसत्या उतारावर, जमिनीखालच्या मार्गानं शेतापर्यंत नेलं होतं. ही इंजिनिअरिंग आपल्याच जिल्ह्यात झाली आहे.

तिसरी, सावली. १५ मेच्या सुमारास बीड शहरात भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. अंबाजोगाईत एखादा दिवस आधी, गेवराईत एखादा दिवस नंतर. वेळ बारा नाही, साधारण १२ वाजून २३ मिनिटं. कारण आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर चालतं आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला आहोत.

हे सगळं घरी होतं. पण ज्या घरात आई-बाप दोघंही मजुरीला जातात, तिथं पोराबरोबर बसणार कोण? म्हणून माझं म्हणणं, ग्रामपंचायत आणि शाळा समितीनं मिळून शाळेची एक खोली सकाळी सात ते नऊ उघडी ठेवावी. शिक्षकांच्या गळ्यात हे काम घालू नका, त्यांची सुट्टी त्यांना राहू द्या. गावात आयटीआय झालेली, डीएड करून घरी बसलेली पोरं-पोरी आहेत. गवंडी आहे, वेल्डर आहे, मोटार भरणारा आहे. आठवड्यातून एक दिवस त्यांना बोलवा, मानधन द्या. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला तो याच विचारावर, की हातानं काम करत शिकलेलं डोक्यात टिकतं.

आणि ज्या शाळांना अटल टिंकरिंग लॅब मिळाली आहे, त्यांना एक प्रश्न. या योजनेत एका शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान आहे. तुमची लॅब मेमध्ये उघडी असते का? तालुक्यातल्या पालकांनी जाऊन विचारावं. मीही विचारणार आहे.

काही पालक विचारतील, याचे मार्क मिळतात का? नाही मिळत. पण जिल्ह्यात पवनचक्क्या आल्या, सोलर आलं, रेल्वे आली. त्यातल्या किती कामांवर आपली पोरं इंजिनिअर, टेक्निशियन म्हणून आहेत आणि किती वॉचमन म्हणून? पवनचक्कीच्या निमित्तानं आपला जिल्हा देशभर कशासाठी गाजला, ते मी सांगायला नको. बीडची माणसं हातानं कष्ट करण्यात कुणाला हार जात नाहीत. त्या हातांना वेळेवर डोक्याची जोड मिळाली नाही, की पुढच्या पिढीच्या हातातही कोयताच येतो.

काळजी दोनच घ्या. घरच्या लाइटीच्या बोर्डाला पोरांनी हात लावायचा नाही, सेलवर काय करायचं ते करा. आणि दुपारी सावली बघायला पाच-दहा मिनिटंच, डोक्याला रुमाल बांधून, सूर्याकडं न बघता.

शेवटी एक काम. १५ मेच्या आसपास सपाट जागी मीटरभर काठी गवंड्याच्या ओळंब्यानं सरळ उभी करा. सव्वाबारापासून दर मिनिटाला सावलीच्या टोकाला खूण करा. सावली सगळ्यात लहान कधी झाली ती वेळ, गावाचं नाव आणि लेकराचं पहिलं नाव मला पाठवा. आष्टीची वेळ परळीपेक्षा पाचेक मिनिटं उशिरा यायला हवी, कारण आष्टी पश्चिमेला आहे. आली तर पृथ्वी फिरते हे आपल्या पोरांनी एका काठीवर मोजलं असं होईल. सगळ्या गावांचा तक्ता मी छापतो.